दुसरा ब्रेक

१

दुपारी दीडला मुंगळ्याला झोपवायचं, दोनपर्यंत त्याच्या शेजारी ओंडक्यासारखं पडून राहायचं, मग पलंग करकरणार नाही अशा बेताने इंचाइंचाने खाली सरकायचं आणि स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानेच जेवायचं. हा माझ्या दिवसातला सगळ्यात शांत तास. मुंगळा म्हणजे माझा मुलगा, वय पावणेदोन वर्षं. कागदोपत्री त्याला चांगलं नाव आहे. पण एकदा चिकटला की सुटत नाही, म्हणून हेच नाव त्याला चिकटलं.

ओट्यासमोरच्या खिडकीतून गाडीची शेड दिसते. आमचं घर चढावर आहे, त्यामुळे शेडची फरशी घराकडून फाटकाकडे चांगलीच उतरती. गाडी नाक घराकडे करून उभी असते. वर पत्रा, दोन्ही बाजूंना भिंती, मागे पांढरं रंगवलेलं लोखंडी फाटक. भर दुपारीही तिथे संध्याकाळ असते.

त्या सोमवारी जेवता जेवता मी सहज वर पाहिलं, आणि फाटक मला गुलाबी दिसलं.

सगळं नाही. गाडीच्या दोन्ही बाजूंनी जेवढं डोकावतं तेवढंच. मी घास चावत विचार केला, समोर कुणीतरी लाल चादर वाळत घातली असेल, तिच्यावरून ऊन येत असेल. मग आठवलं की फाटक बंद आहे आणि पत्र्यातून ऊन यायला जागा नाही. मग स्वतःला दटावलं, की बाई, जेव. माझं हे असंच आहे. काही दिसलं की आधी कारण शोधायचं, मग ते आपणच खोडायचं, आणि शेवटी आपल्यालाच ओरडायचं. नवरा म्हणतो, "तुझ्या डोक्याला बंद करायचं बटणच बसवलेलं नाही." तो समुद्रातल्या तेलविहिरीवर नोकरीला आहे, दोन महिने तिकडे आणि एक महिना घरी. बटणाबद्दलचं हे सगळं तो फोनवर बोलतो.

मुंगळा पाचला उठला तेव्हा फाटक पांढरं होतं.

२

गुरुवारी बॅटरी गेली.

मुंगळ्याला ताप चढला की झटका येतो. पहिला आला तेव्हा तो दीड वर्षाचा होता. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं होतं, "लहान मुलांना येतात, मोठेपणी जातात. फक्त घड्याळ बघायचं. पाच मिनिटांच्या वर गेला तर मात्र तडक इकडे. कुणाला फोन करत बसायचं नाही." आमच्या चढावर अँब्युलन्स यायला अर्धा तास लागतो, ही चौकशी मी अर्थातच आधी करून ठेवली होती. गाडीने आठ मिनिटं. मुंगळ्याची मागची छोटी सीट रिकामी ठेवून, मांडीवर घड्याळ घेऊन, मी त्या रस्त्याची दोनदा तालीमही केली होती. लोक लग्नाची करतात, मी याची केली.

त्या संध्याकाळी सहा वाजता त्याचे डोळे वर गेले आणि हात ताठ झाले. तिसऱ्या मिनिटाला मी त्याला सीटमध्ये बांधला. किल्ली फिरवली.

टक्-टक्-टक्-टक्.

समोरचे दिवे एकदा मिणमिणले आणि विझले. पुन्हा फिरवली. आता तर टक्सुद्धा नाही. मी त्याला उचलून समोरच्या टेलरकडे धावले. गळ्यात टेप आणि हातात कात्री, तसाच तो उठला आणि त्याने आपली व्हॅन काढली. सहाव्या मिनिटाला, व्हॅनमध्येच, झटका आपोआप थांबला.

"वेळेत आलात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. वेळेत टेलर आला होता. मी नाही.

नवऱ्याला कळवलं तर त्याचं उत्तर आलं: "किती वेळा सांगू, विकून टाक ती गाडी. आईंची आठवण दुसऱ्या कशात तरी ठेव ना." मी फोन पालथा घातला.

३

माझी आई गाडी चालवायला शिकवायची. तिची शाळा म्हणजे एक गाडी आणि ती स्वतः. अर्धं गाव तिच्या हाताखालून गेलेलं, सगळे तिला बाई म्हणायचे. गाडी तीच, जी आता माझ्याकडे आहे. दारावरची अक्षरं मी खरवडून काढली, पण शेजारच्या सीटपुढचा दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक तसाच आहे. आणि काचेवर, माझ्या आरशाच्या शेजारी, तिचा छोटा आरसा. शिकवणारीला मागचा रस्ता दिसावा म्हणून लावलेला.

बॅटरी बघायला करंटकाका आला. हे नाव त्याला आईनेच दिलं होतं, कारण तोही तिचा विद्यार्थी.

"अजून आहेत का ही पेडलं!" आत डोकावत तो म्हणाला. "या ब्रेकने माझी इज्जत काढलीये, ताई. भर चौकात मी आपला ऐटीत वळतोय, आणि बाईंनी दिला खाली दाबून. मागे ही मोठी रांग. वर मला म्हणतात, 'महाराज, समोरून बस येत होती, दिसली का?'"

"दिसली होती?"

"कसली दिसतेय."

त्याने बॅटरीला मीटर लावलं, इंजिन सुरू करून पाहिलं, टर्मिनल घासून पुन्हा आवळली. बॅटरी नवी होती. दीड वर्ष गाडी बॅटरी काढून नुसतीच उभी होती. मुंगळ्याच्या पहिल्या झटक्यानंतर घाबरून मी नवी बसवून घेतली, त्याला जेमतेम आठवडा झाला होता.

"बॅटरी चांगली आहे. चार्जही होतेय," करंटकाका म्हणाला. "म्हणजे गाडी बंद असताना तिला कुणीतरी खातंय."

"कोण?"

"डिकीतला दिवा राहतो कधी कधी. कधी रेडिओ. शोधावं लागतं." त्याने तारेच्या मध्ये मीटर जोडलं. आकडा अगदी बारीक होता. "एवढं घड्याळाला लागतंच. आत्ता तरी कुणी खात नाहीये." जाताजाता तो शेजारच्या सीटवर टेकला, वर बघून हसला. "बाईंचा आरसा पोराच्या सीटवर लावलात? बरं केलंत. लक्ष राहतं."

"हो," मी म्हणाले.

मी लावला नव्हता. तो गेल्यावर मी आरसा वळवून मागच्या काचेवर आणला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगळ्याला बांधताना बघितलं, तर आरशात पुन्हा मागची छोटी सीट होती. तिच्यातला बिस्किटाचा भुगा आणि एक मोजा. जुना सांधा, ढिला झाला असेल, सरकत असेल. सांधा ढिला झाला की आरसा खाली पडतो, एका ठरावीक दिशेला वळत नाही, हे खोडणं मी त्या दिवशी मुद्दाम टाळलं.

चौथ्या दिवशी गाडी पुन्हा मेली.

४

या वेळी करंटकाका दुपारी आला, चार्ज करून आणलेली बॅटरी जोडली आणि स्टूल टाकून उघड्या बॉनेटशी बसला. मुंगळा आत झोपलेला, म्हणून आम्ही कुजबुजत होतो. दोन वाजून गेले. मीटरवर तोच बारीक आकडा.

"मुलगा आजीसारखा आहे का?" त्याने विचारलं.

"तिने बघितलाच नाही त्याला. दोन महिने आधी गेली."

"अरेरे," तो म्हणाला, आणि तेवढ्यात त्याचं मीटरकडे लक्ष गेलं. "आलं, आलं! ताई, बघा."

आकडा साडेतीन अँपिअरच्या वर गेला होता. दोन वाजून वीस मिनिटं.

तो भराभर एकेक फ्यूज उपसायला लागला. रेडिओचा काढला, फरक नाही. आतल्या दिव्यांचा, नाही. हॉर्नचा, नाही. पाचवा काढला आणि आकडा एकदम खाली बसला. "ब्रेकलाइट!" म्हणत त्याने तो फ्यूज परत घातला, आणि आम्ही दोघं गाडीच्या मागे गेलो.

मागचे दोन्ही लाल दिवे लागले होते. फाटकावर त्यांचे दोन मोठे डाग पडले होते आणि मध्ये आमच्या दोघांच्या सावल्या.

"पेडलच्या मागे एक छोटा स्विच असतो, तो अडकला असणार. फुटकळ काम आहे," असं म्हणत तो माझ्या सीटपाशी आडवा झाला, डोकं पेडलांखाली घातलं. मला त्याच्या फक्त चपला दिसत होत्या. थोडा वेळ त्या हलत होत्या. मग थांबल्या.

"काय झालं?"

"स्विच चांगला आहे." त्याचा आवाज आतून घुमत आला. "पेडल खाली आहे. म्हणून दिवा."

"मग वर करा ना."

"येत नाहीये."

तो बाहेर आला आणि फडक्याला बराच वेळ हात पुसत राहिला. गंज असेल, स्प्रिंग गेली असेल, दोन्ही ब्रेक जोडणारा रॉड वाकला असेल, असं काही काही बोलला. मी विचारलं, फ्यूजच काढून ठेवू का? "ब्रेकलाइटशिवाय रस्त्यावर जाणार? मागचा येऊन आदळेल. आणि मागेच पोर बसतं." मग त्याची नजर दोन सीटच्या मध्ये गेली. "ताई, तुम्ही हँडब्रेक ओढलेला नाही."

"गिअरमध्ये ठेवते. चाकाला वीट असते."

"या उतारावर? बाईंच्या पोटच्या पोरीने?" तो हसला. "बाई असत्या ना, तर पाय काढला नसता त्यांनी."

हे बोलला, आणि लगेच हत्यारं गोळा करायला लागला.

पेटी भरताना त्याच्या हातून दोनदा पकड पडली. "दुसरी पेडलं काढूनच टाकू, पुढच्या आठवड्यात येतो," म्हणाला. फाटकाकडे जायला शेजारच्या सीटच्या बाजूनेही चांगली मोकळी वाट आहे. तो माझ्या बाजूने, भिंतीला अंग घासत गेला. पुढच्या आठवड्यात त्याने माझा फोन उचलला नाही.

५

आईचा नियम होता: ज्याने गाडी चालवली, हँडब्रेक त्यानेच ओढायचा. आणि मोठ्याने म्हणायचं, "लावला." हे ऐकू आल्याशिवाय ती दुसऱ्या ब्रेकवरचा पाय काढायची नाही. एकदा एक शिकाऊ हँडब्रेक विसरून मित्राशी गप्पा मारायला उतरला, तर ही चाळीस मिनिटं तशीच बसून राहिली. तो आल्यावर शांतपणे म्हणाली, "झाल्या का गप्पा? लाव आता." स्वतः हात पुढे करून ओढणं तिला बसल्या जागी शक्य होतं. पण मग तो शिकला कधी असता?

मी तर तिची जन्माची शिकाऊ. लायसन मिळून आठ वर्षं झाली तरी ती शेजारी बसल्याशिवाय मी गाडी काढत नसे. आणि ती ब्रेक असा दाबायची, की मला वाटायचं मीच दाबला.

सातव्या महिन्यातली तपासणी करून आम्ही परत आलो त्या दुपारी दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. वेळ लक्षात आहे, कारण मला अर्ध्या तासापासून बाथरूमला जायचं होतं आणि मी मिनिटं मोजत होते. गाडी शेडमध्ये घातली, इंजिन बंद केलं आणि दार उघडून सुटले.

"अगं, हँडब्रेक!"

"तू ओढ ना आई, मला घाई आहे!"

"मी नाही ओढणार. बसलेय मी. ये तू."

मी हसत आत पळाले. ती पण हसत होती. बाथरूममधून आले, आणि पाय सुजले होते म्हणून पलंगावर एक मिनिट टेकले. एकच मिनिट.

जाग आली तेव्हा पावणेपाच झाले होते आणि खिडकीतून फाटक लाल दिसत होतं.

ती ताठ बसलेली होती. पाय ब्रेकवर. डॉक्टर म्हणाले हृदय बंद पडलं, बहुतेक पहिल्या पंधरा मिनिटांतच. मी त्यांना विचारलं, "मग पावणेपाचपर्यंत ब्रेक कसा दाबलेला राहिला?" आई गेल्यावर कुठली मुलगी असले प्रश्न विचारते? ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पायाला वजन असतं, बाळ."

तिला बाहेर काढण्याआधी टेलरने मागच्या चाकाला वीट लावली. तीच वीट अजून आहे. हँडब्रेक मी तेव्हापासून ओढलेला नाही. असं काही ठरवलं नव्हतं. हात अर्ध्यापर्यंत जातो आणि परत येतो, एवढंच.

म्हणजे बॅटरी नव्हती ते दीड वर्ष फक्त दिवा नव्हता. पाय कधीपासून आहे, कोण जाणे.

६

एकच शब्द म्हणायचा होता. मला ते कळत होतं. बॅटरीला काय झालंय आणि इलाज काय, दोन्ही माझ्याजवळ होतं.

करंटकाका येऊन गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सव्वादोनला मी माझ्या सीटवर जाऊन बसले. घराचं दार उघडं, कान आत. दोन वीसला माझ्यासमोरचं ब्रेकचं पेडल हळूच खाली गेलं. झटका नाही, आवाज नाही. शिकाऊ माणसाला कळूही नये, असं.

मी शेजारी बघितलं नाही. समोर भिंत होती, भिंतीवर पालीच्या शेपटीएवढी एक चीर होती, मी तिच्याकडे बघत राहिले. डाव्या-उजव्या कुठल्याच बाजूला काही ऐकू येत नव्हतं. फक्त एकटं माणूस गाडीत बसल्यावर जेवढी शांतता असते, तेवढी नव्हती.

"लावला" म्हणायला तोंड उघडलं आणि बाहेर आलं भलतंच. "आई, त्याला दात उशिरा आले." मग ते तसंच सुरू राहिलं. त्याचं रांगणं, त्याने खाल्लेली माती, मला दूध नीट आलं नव्हतं ते, टेलरची व्हॅन. नवऱ्याची चहाडी पण केली. पावणेपाचला पेडल वर आलं तेव्हा माझा घसा बसला होता.

दुसऱ्या दिवशीही गेले. तिसऱ्याही. म्हणणार होते, रोजच म्हणणार होते. पहिल्या दिवशी रडून झालं होतं, तेव्हा नंतर आम्ही जरा बऱ्या गप्पा मारल्या. म्हणजे मी मारल्या. ती ऐकताना मधे बोलायची नाहीच कधी.

चौथ्या दिवशी सकाळी मुंगळ्याचं अंग कोमट लागलं. मी गाडीकडे धावले, किल्ली फिरवली. टक्-टक्-टक्.

ताप काही चढला नाही, नुसती कणकण होती. पण त्या सकाळभर मी त्याला कवटाळून घड्याळासमोर बसले होते. दुपारी तो झोपल्यावर गाडीत गेले. तोवर टेलरने त्याच्या व्हॅनला वायर लावून बॅटरीत थोडा जीव भरून दिला होता. दोन वीस. पेडल खाली गेलं. आता दात ओठांवर दाबून मी हात खाली नेला, तो अर्ध्यावर थांबला, आणि मग मी डोळे मिटून ओढला. कर्रर्र.

"लावला, आई," मी म्हणाले. "काढ पाय."

थोडा वेळ काहीच झालं नाही. नंतर पेडल वर आलं. शेजारच्या सीटच्या गादीने, माणूस उठल्यावर सोडते तसा, श्वास सोडला.

दार उघडल्याचा आवाज येईल म्हणून मी थांबले. तो आला नाही.

७

त्यानंतर तीन आठवडे गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली.

मधे मुंगळ्याला खरोखरचा ताप आला, झटका आला. तिसऱ्या मिनिटाला किल्ली, अकराव्या मिनिटाला दवाखाना. "आज तुम्ही अगदी शांत दिसताय हं," डॉक्टरीणबाई कौतुकाने म्हणाल्या. मी नवऱ्यालाही फोनवर सांगितलं, गाडी आता नीट चालतेय.

"बघ! साधा प्रॉब्लेम होता की नाही? काय निघालं?"

"हँडब्रेक ओढत नव्हते."

"हँडब्रेकचा आणि बॅटरीचा काय संबंध?"

"असतो," मी म्हणाले.

सगळं जागच्या जागी आलं होतं. मी रोज हँडब्रेक ओढत होते आणि कुणी ऐकायला नसताना "लावला" म्हणत होते. आईचा आरसा मी ठेवेन तिथेच राहायचा. दुपारी ओट्याशी उभी राहिले की फाटक दिसायचं. पांढरं. इतकं पांढरं फाटक मी जन्मात बघितलेलं नाही. घास तोंडात फिरत राहायचा.

मुंगळा याच तीन आठवड्यांत बोलायला लागला. चल. नको. अजून. अजून तर उठता-बसता; हवेत उडवलं की अजून, गोष्ट संपली की अजून. आणि माझ्या मनात सारखं एकच यायचं. ती रोज अडीच तास आरसा त्याच्या सीटवर लावून बसत होती, आणि ती सीट रिकामी. कारण तो त्या वेळी आत झोपलेला असायचा, आणि मी, त्याची आई, तो झोपमोड न होता झोपावा म्हणून खोलीचं दार लावून घ्यायचे. इतकं बोलले मी तिच्याशी. एक दिवस त्याला उठवून नेला असता तर काय बिघडलं असतं?

गाडीने निघताना त्याला बांधते तेव्हा मी त्या आरशात बघते. त्याच्या जागी तो दिसतो. बघणारं कुणी नसतं.

८

आज त्याला झोपवलं नाही.

मागच्या सीटवर बांधावं, असं आधी मनात आलं होतं. पण हँडब्रेक न ओढलेल्या गाडीत मूल ठेवणारी आई मी नाही. तेवढं मला कळतं. शिवाय लाल दिवे आतून दिसत नाहीत, आणि ते बघायचे तर मागेच उभं राहावं लागतं. आईचा आरसा मी मागच्या काचेवर वळवला, म्हणजे मागे उभं राहिलेलं माणूस तिला दिसेल. सगळा नीट विचार केला. फाटकाला कडी घातली, कारण तो हल्ली उघडं दिसलं की रस्त्यावर पळतो.

दोन वाजून अठरा मिनिटांनी मी गिअर काढला. हँडब्रेक सोडला. माझा पाय ब्रेकवर होता तोवर गाडी हलली नाही. विटेला टेकून राहील अशा बेताने मी तो सावकाश काढला. मग मुंगळ्याला कडेवर घेऊन मागे गेले आणि पायाने वीट सारली.

ती लगेच निघाली नाही. जुनं टायर, सपाट झालेली जागा. मी फाटकाला पाठ लावून उभी राहिले. "आजी बघ हं," मी त्याला म्हणाले. "आरशात. हात कर."

गाडी वीतभर मागे आली.

दिवे नाहीत.

घड्याळ बघायला हवं होतं, पण घड्याळाचा हात त्याच्याखाली होता. माझं घड्याळ पुढे तर नाही ना? गाडी आणखी वीतभर आली, मग आणखी, आता ती थांबत नव्हती. टायरांखाली वाळू चुरचुरत होती. मुंगळा खिदळून हात नाचवायला लागला. बाजूला व्हायला हवं, हे मला दिसत होतं. रस्त्यावर उभ्या असलेल्या दुसऱ्याच कुठल्या तरी बाईबद्दल वाटावं तसं वाटत होतं. लहानपणी सायकल सोडून देताना आई मागून म्हणायची, मी धरलंय. मला आठवत होतं, तिने धरलेलं असायचंच.

बंपर माझ्या गुडघ्यांना टेकला, आणि लाल झालं.

फाटक, माझे हात, मुंगळ्याचा चेहरा, सगळं. गाडी जागच्या जागी थबकली होती, एक हिसका न देता. मागच्या धुळकट काचेतून, दोन सीटच्या टेकण्यांच्या वर, तो छोटा आरसा दिसत होता. त्याच्यात कपाळाचा तुकडा होता आणि दोन भुवया. त्या वर गेल्या होत्या, लहान मूल दिसल्यावर माणसाच्या जातात तशा. मी हाक मारली. भुवया माझ्याकडे वळल्या नाहीत. त्यांना मी नकोच होते. त्या त्याच्याकडे बघत होत्या आणि बघतच राहिल्या. त्यांच्याखाली काय आहे ते दिसावं म्हणून मी टाचा उंचावल्या, तशी काचेवर आमचीच सावली आली.

"अजून," मुंगळा म्हणाला.

"हो रे राजा," मी म्हणाले. "अजून अडीच तास आहे ती."

मी त्याच्या कपाळाला गाल लावला. कोमट होतं. दिव्यांची ऊब असेल. लाल उजेडात सगळंच कोमट वाटतं.